ऐतिहासिक मार्गरचना आणि आधुनिक नगरवाढ : जूचंद्र व वसई-विरार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

नगरातील इमारती, त्यांचे उपयोग आणि त्यांत राहणारी माणसे कालौघात बदलतात. रस्त्यांच्या रेषा मात्र त्या मानाने फार काळ टिकून राहतात. या रेषांवरच पुढील नगरवाढ उभी राहत असल्याने जुन्या मार्गरचनेचा अभ्यास केवळ इतिहासाच्या नव्हे, तर वर्तमान नियोजनाच्या दृष्टीनेही आवश्यक ठरतो. प्रस्तुत लेखात पालघर जिल्ह्यातील जूचंद्र हे गाव व त्याभोवतीचा वसई-विरार परिसर यांच्या आधारे या प्रक्रियेचे विवेचन केले आहे. वसईच्या किल्ल्यातील आखीव रस्ते आधुनिक शहराला वारसा देऊ शकले नाहीत. उलट गावांच्या पाणंदी, खाजणांचे बांध आणि बैलगाडीच्या वाटा यांनीच आजच्या शहराचा सांगाडा घडवला. असे का झाले व त्याचे परिणाम कोणते, हा या लेखाचा विषय होय.

बीजसंज्ञा : मार्गरचना, गावठाण, पाणंद, खाजण, भूमापन, विकास योजना.

१. प्रस्तावना :

वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना ३ जुलै २००९ रोजी झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि त्यांच्या सभोवतालची अनेक गावे यांतून ही महानगरपालिका आकारास आली. २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि हा परिसर नव्या जिल्ह्यातील सर्वांत मोठे नागरी क्षेत्र ठरला.

इतक्या मोठ्या नगराचा विचार करताना सामान्यतः लोकसंख्या, पाणीपुरवठा, लोकलगाड्यांतील गर्दी व अनधिकृत बांधकामे यांची चर्चा होते. रस्त्यांविषयीची चर्चा बहुधा खड्डे आणि वाहतूककोंडी यांपुरती मर्यादित राहते. परंतु एखादा रस्ता येथेच का वळतो, अमुक ठिकाणीच अरुंद का होतो, दोन शेजारच्या वसाहतींना जोडणारा मार्ग का नाही, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. यांची उत्तरे आजच्या नकाशात नसून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या गावनकाशात असतात. या उत्तरांचा शोध घेतल्याविना केलेले नियोजन कागदावर सुबक दिसले तरी जमिनीवर अडखळते, असा अनुभव महाराष्ट्रातील अनेक शहरांत आलेला आहे.

२. रस्त्याची रेषा का टिकते? :

नगरांच्या बाह्यरूपाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या शाखेस नगररूपविज्ञान म्हणता येईल. या शाखेतील एक अग्रणी अभ्यासक एम. आर. जी. कॉन्झेन यांनी इंग्लंडमधील ॲल्निक या लहानशा नगराचा अभ्यास १९६० साली प्रसिद्ध केला. नगराचा आराखडा रस्ते, भूखंड आणि इमारतींचे पाये या तीन घटकांच्या परस्परसंबंधांतून त्यांनी उलगडून दाखवला. या तिन्हींच्या बदलाचा वेग सारखा नसतो. इमारत एका पिढीत पाडून नव्याने बांधता येते. भूखंडाचे तुकडे पडण्यास अथवा ते एकत्र होण्यास अधिक काळ लागतो. रस्त्याची रेषा या सर्वांत चिवट असते.

या चिवटपणाचे कारण भावनिक नसून व्यावहारिक आहे. रस्ता ही केवळ जाण्यायेण्याची जागा नसते. दोन्ही बाजूंच्या मालकांच्या हद्दी तीच रेषा ठरवीत असते. रस्ता चार फूट सरकवायचा झाल्यास त्यालगतच्या प्रत्येक मालकाचा हक्क नव्याने ठरवावा लागतो. शिवाय सांडपाण्याचे गटार, पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी, विजेचे खांब हे सर्व रस्त्याच्याच आश्रयाने जातात. दुकानाचे दार, घराची ओटी, देवळाचा सभामंडप यांची तोंडे त्याच दिशेला असतात. अशा रीतीने एका रेषेला शेकडो हितसंबंध बांधले गेलेले असतात.

लंडनचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १६६६च्या भीषण आगीत मूळ शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. ख्रिस्टोफर रेन यांनी रुंद, सरळ रस्त्यांचा आराखडा तत्काळ सादर केला. जमीन मोकळी झाली होती, आराखडा तयार होता, राजाची अनुकूलताही होती. तरीही तो अमलात आला नाही. घरे जळाली होती, हद्दींवरील हक्क जळाले नव्हते. काही रस्ते रुंद झाले. एकंदर मांडणी मात्र बहुतांशी जुनीच राहिली.

यावरून एक सूत्र मांडता येते. रस्ता त्याच्या भव्यतेमुळे टिकत नाही. मालकी आणि वापर यांची साखळी अखंड राहिली तरच तो टिकतो. ही साखळी तुटली तर उत्कृष्ट आखणीचा रस्ताही नाहीसा होतो. वसई परिसरात या सूत्राच्या दोन्ही बाजू एकाच वेळी पाहावयास मिळतात.

३. वसईचा किल्ला : आखीव नगराचा अंत :

१५३४च्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढील दोन शतकांत त्यांनी तटबंदीच्या आत एक संपूर्ण नगर वसवले. कॅथीड्रल, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन व जेझुइट पंथीयांची चर्चे आणि मठ, अधिकाऱ्यांचे वाडे, चौक आणि त्यांना जोडणारे रस्ते अशी ती रचना होती. एका बाजूस जमिनीकडील दरवाजा व दुसऱ्या बाजूस खाडीकडील दरवाजा, आणि या दोहोंना जोडणारा मुख्य मार्ग, हा त्या नगराचा कणा होता. पश्चिम किनाऱ्यावरील त्या काळच्या आखीव नगरांत वसईची गणना करावी लागेल.

मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी किल्ला जिंकला. पोर्तुगीज रहिवासी निघून गेले. मराठा अमलात किल्ल्यास बाजीपूर हे नाव मिळाले. १७८०मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला व सालबाईच्या तहानंतर तो परत केला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसरा बाजीराव व इंग्रज यांच्यातील प्रसिद्ध तह याच वसईत झाला. १८१८नंतर इंग्रजी सत्ता स्थिर झाल्यावर किल्ल्याचे लष्करी प्रयोजन संपले आणि व्यापार मुंबईकडे गेला. आतील नगर ओस पडले.

येथे महत्त्वाची बाब ही की, लोकांबरोबर मालकीची परंपराही खंडित झाली. ज्या घरमालकांच्या हद्दींनी रस्त्यांच्या रेषा धरून ठेवल्या होत्या, ते मालकच उरले नाहीत. भिंती पडल्या, वनस्पती वाढली आणि आखीव रस्ते अवशेषांत मिसळून गेले. आज किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. त्यातील एकच मार्ग जिवंत राहिला आहे. वसई गावाकडून किल्ल्यातून खाडीकिनाऱ्यावरील किल्लाबंदराकडे जाणारा तो मार्ग होय. कोळी वस्ती व बंदर यांचा वापर कधीच थांबला नाही, म्हणून ही एक रेषा टिकली. शेजारचे अनेक रस्ते नियोजनबद्ध असूनही टिकले नाहीत.

याउलट तटबंदीबाहेरील वसई गाव वाढत राहिले. पारनाका, झेंडा बाजार, तामतलाव ही नावे आजही व्यवहारात आहेत. या भागातील बाजाररस्त्यांची आखणी कोण्या अभियंत्याने केली नव्हती. नाका, तलाव, देऊळ आणि बाजार यांना जोडणाऱ्या वाटांतूनच ती घडली. तरीही आधुनिक वसईने वारसा म्हणून स्वीकारली ती हीच अनियोजित रचना.

४. पाणंद, गाडीमार्ग आणि भूमापनाची साखळी :

गावाच्या वाटा शहराच्या रस्त्यांत रूपांतरित कशा होतात, हे समजण्यासाठी इंग्रजी अमदानीतील भूमापनाकडे वळावे लागते. मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीची पद्धत गोल्डस्मिड व विंगेट यांच्या १८३५नंतरच्या कामातून विकसित झाली आणि १८४७च्या संयुक्त अहवालाने तिला निश्चित स्वरूप मिळाले. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीवर दगड बसले व गावनकाशे तयार झाले. तोपर्यंत वहिवाटीत असलेल्या वाटा या नकाशांत प्रथमच रेषा म्हणून स्थिर झाल्या.

या मोजणीचे साधन होते ३३ फुटांची साखळी. तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद क्षेत्र म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. जमिनीच्या व्यवहारात आजही वापरले जाणारे हे परिमाण त्याच साखळीतून आले आहे. रस्त्यांच्या रुंदीचाही त्याच साखळीशी संबंध आहे. गावनकाशात तुटक एकेरी रेषेने दाखवलेल्या पाऊलमार्गाची रुंदी ८¼ फूट, म्हणजे साखळीचा चौथा हिस्सा, मानली जाते. तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग १६½ ते २१ फुटांचा असतो. यातील १६½ फूट म्हणजे अर्धी साखळी.

ही आकडेवारी निव्वळ ऐतिहासिक कुतूहलाची नाही. ८¼ फूट म्हणजे सुमारे २.५ मीटर. एका प्रवासी बसची रुंदीही साधारण एवढीच असते. १६½ फूट म्हणजे सुमारे ५ मीटर. यात दोन बस एकमेकींस ओलांडू शकत नाहीत. एका बैलगाडीस वाट देण्यासाठी योग्य ठरलेले माप सात मजली इमारतींच्या वसाहतीचा एकमेव प्रवेशमार्ग झाल्यास काय घडते, हे वसई-विरार परिसरातील कोणत्याही जुन्या गावात सकाळच्या वेळी पाहता येते. अग्निशमन दलाची गाडी, शाळेची बस आणि पाण्याचा टँकर यांना एकाच अर्ध्या साखळीत मार्ग शोधावा लागतो.

रूपांतराची प्रक्रिया पुढीलप्रमाणे असते. शेतजमीन बिनशेती होते आणि विकासक आपल्या सर्व्हे नंबरापुरता अभिन्यास मंजूर करून घेतो. त्याच्या आवारातील रस्ते सरळ व रुंद असतात. परंतु ते त्याच्या हद्दीवर थांबतात. शेजारचा विकासक दहा वर्षांनी येतो व आपल्या रस्त्यांची दिशा वेगळी ठेवतो. दोन्ही वसाहतींना जोडणारा सार्वजनिक मार्ग म्हणून उरते ती जुनी पाणंदच. म्हणजे शेताचा आकार वसाहतीचा आकार ठरवतो, बांध कुंपणाची भिंत होतो आणि पाणंद शहराचा मुख्य रस्ता होते.

५. लोहमार्ग आणि ‘रोड’ हा शब्द :

१८६४च्या सुमारास मुंबई-सुरत लोहमार्ग पूर्ण झाला आणि १८६७मध्ये विरारहून मुंबईकडे स्थानिक गाडी सुरू झाली. हा मार्ग वसई गावातून न जाता पूर्वेकडील सखल भागातून भरावावरून गेला. म्हणूनच स्थानकाचे नाव ‘वसई’ न राहता ‘वसई रोड’ झाले. भारतीय रेल्वेत ज्या स्थानकांच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द येतो, तेथे मूळ गाव स्थानकापासून अंतरावर असून स्थानक हे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील उतरण्याचे ठिकाण आहे, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ असतो.

नावातील हा एक शब्द वसईच्या नगरवाढीचा सारांश सांगतो. गाव पश्चिमेस राहिले व स्थानक पूर्वेस आले. मधला रस्ता हाच नव्या शहराचा कणा बनला. नवघर आणि माणिकपूर ही मूळची गावे स्थानकालगत असल्याने प्रथम विस्तारली. लोहमार्गाने एका बाजूस वाढीला गती दिली आणि दुसऱ्या बाजूस पूर्व व पश्चिम असे शहराचे दोन भाग केले. पूर्वी शेतातून आरपार जाणाऱ्या वाटा रुळांशी येऊन थांबल्या. काही ठिकाणी फाटक, काही ठिकाणी पूल आले. उरलेल्या वाटा खुंटल्या. आजही पूर्व-पश्चिम ओलांडण्याचे मार्ग मोजकेच असून सर्व वाहतूक त्या मोजक्या जागी एकवटते. जुन्या मार्गजाळ्याचे धागे एकदा तुटले की ते पुन्हा जोडणे किती महाग पडते, याचे हे उदाहरण होय.

६. जूचंद्र : डोंगर, गावठाण आणि खाजण :

नायगाव रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस जूचंद्र हे गाव आहे. डोंगरावर चंडिका देवीचे मंदिर, डोंगराच्या आश्रयाने गावठाण आणि सखल बाजूस शेती व मिठागरे अशी त्याची पारंपरिक मांडणी. आगरी समाजाची मोठी वस्ती असलेले हे गाव रांगोळी कलावंतांचे गाव म्हणून महाराष्ट्रात परिचित आहे. वसई रोड-दिवा लोहमार्गावर जूचंद्र हे स्थानकही आहे. नायगाव पूर्वेकडून जूचंद्रमार्गे बापाण्याजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाणारा रस्ता हा या भागातील प्रमुख मार्ग आहे.

उत्तर कोकणातील खाडीकाठच्या गावांची जी सर्वसाधारण रचना आढळते, तिच्या आधारे या मांडणीचा अर्थ लावता येतो. वस्तीसाठी उंचवट्याची कोरडी जागा निवडली जाई, कारण भरतीचे पाणी सखल भागात येत असे. शेतीस लागणारी जमीन मौल्यवान असल्याने घरे परस्परांना चिकटून बांधली जात. त्यामुळे गावठाणातील गल्ल्या अरुंद व वळणाच्या राहिल्या. गावठाणातून बाहेर पडणाऱ्या वाटांना तीन दिशा असत : एक देवस्थानाकडे, एक शेत-मिठागराकडे आणि एक शेजारच्या गावाकडे. पहिली वाट उत्सवाची, दुसरी रोजच्या श्रमाची आणि तिसरी सोयरीक व बाजाराची. आधुनिक नगरवाढीने या तिन्ही वाटांना वेगवेगळी फळे दिली आहेत. शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या वाटा प्रमुख रस्ते बनतात. शेत-मिठागराकडील वाटा नव्या वसाहतींचे प्रवेशमार्ग होतात. देवस्थानाकडील वाट बहुधा मूळ स्वरूपात राहते, मात्र यात्रेच्या दिवशी तिच्यावर पूर्वीपेक्षा अनेक पटींनी भार पडतो.

गावठाणाचा प्रश्न येथे विशेष गंभीर होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १२२नुसार गावठाणाच्या हद्दी निश्चित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. कुटुंबे वाढली तरी या हद्दी त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, हे मुंबई महानगर प्रदेशातील अनेक गावांचे समान दुःख आहे. परिणामी वाढ उभी झाली. एकमजली घराच्या जागी त्याच जोत्यावर तीन-चार मजले चढले. गल्ली मात्र तीच राहिली. बाहेरून आलेल्या वसाहतींचे रहिवासी गावातील गल्लीला ‘अडथळा’ समजतात आणि गावकरी नव्या वसाहतींच्या वाहतुकीला ‘आक्रमण’ समजतात. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते, कारण एका काळासाठी घडलेली वाट दुसऱ्या काळाचा भार वाहत असते.

या वादात एक सूक्ष्म नुकसानही होते. गावठाणातील गल्ली ही केवळ वाहतुकीची जागा नव्हती. अंगण, ओटी आणि गल्ली यांची मिळून एक सलग सामाजिक जागा तयार होत असे. सणाच्या दिवशी दारापुढे रांगोळी रेखाटली जाते ती याच जागेत. ज्या गावाची ओळखच रांगोळीशी निगडित आहे, तेथे दारापुढील मोकळी जमीन वाहनतळात रूपांतरित होणे, हा सांस्कृतिक प्रश्नही ठरतो.

७. बांध हाच रस्ता, बांध हाच अडसर :

खाडीकाठच्या मार्गरचनेचे एक वैशिष्ट्य घाटमाथ्यावरील शहरांत आढळत नाही. येथील अनेक वाटा जमिनीवरून नव्हे, तर बांधांवरून गेल्या. खाजण जमीन लागवडीखाली आणण्यासाठी भरतीचे पाणी अडवणारा बांध घालावा लागे. उत्तर कोकणात अशा जमिनींसाठी शिलोत्री ही संज्ञा जुन्या महसुली व्यवहारात आढळते. बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी ठेवली जाई. ओहोटीच्या वेळी ती उघडून पावसाचे साचलेले पाणी खाडीत सोडले जाई आणि भरतीच्या वेळी ती बंद होऊन खारे पाणी बाहेर राही. बांधाचा माथा कोरडा व उंच असल्याने साहजिकच तोच चालण्याचा मार्ग झाला.

म्हणजे या परिसरात रस्त्यांचे जाळे आणि पाण्याचे जाळे ही एकाच रचनेची दोन अंगे होती. वाट कोठे वळते हे पाणी कोठे अडते यावर ठरत असे. पुढे खाजणांवर व मिठागरांलगत भराव झाला, बांधाची वाट डांबरी वा काँक्रिटची झाली आणि तिची उंचीही वाढली. रेषा तीच राहिली. परंतु तिच्यातील उघाडीचे कार्य विस्मृतीत गेले. जेथे उघाडी होती तेथे अपुऱ्या व्यासाची मोरी आली, अथवा काहीच आले नाही. पाण्याला वाट देणारा बांध अशा रीतीने पाणी अडवणारे धरण बनला.

दुसरा परिणाम जुन्या घरांवर होतो. रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने तो लगतच्या घरांच्या जोत्यापेक्षा उंच होतो. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पावसाचे पाणी आले नव्हते, तेथे ते येऊ लागते. जुलै २०१८च्या अतिवृष्टीत नालासोपारा परिसरात रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरार दरम्यानची लोकलसेवा बंद पडली व वसईतील मिठागरांच्या भागात अनेक कुटुंबे अडकून पडली. त्यानंतर पूरकारणांच्या शोधासाठी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई यांच्या तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. पुराची कारणे अनेक असतात. अतिवृष्टी व भरती एकाच वेळी येणे हे त्यांतील एक प्रमुख कारण. अशा वेळी पाणी तात्पुरते सामावून घेण्याचे काम पूर्वी खाजणे व मिठागरे करीत. त्यांवर भराव झाला की ते पाणी रस्त्यांवर आणि घरांत जागा शोधते.

८. पुणे आणि मुंबई : दोन वेगळे अनुभव :

वारशाने आलेल्या मार्गरचनेशी इतर शहरांनी कसा व्यवहार केला, हे पाहणे उपयुक्त ठरेल. पुण्यात कसबा ही जुनी वस्ती. पेशवेकाळात तिच्याभोवती एकामागून एक पेठा वसल्या. सत्तांतरानंतरही पेठांतील वाड्यांची मालकी व बाजारांचा वापर अखंड राहिला. त्यामुळे वसईच्या किल्ल्याप्रमाणे पेठा ओस पडल्या नाहीत व त्यांचे रस्तेही पुसले गेले नाहीत. विसाव्या शतकात लक्ष्मी रस्त्यासारखे काही मार्ग रुंद झाले. तरीही एकंदर विण जुनीच आहे. पुणे मेट्रोचा मार्ग पेठांखालून भुयारी न्यावा लागला आणि जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. अठराव्या शतकातील गल्लीने एकविसाव्या शतकातील रेल्वेला जमिनीखाली जाण्यास भाग पाडले, असे म्हणता येईल.

मुंबईचा अनुभव निराळा आहे. १८६०च्या दशकात कोटाची तटबंदी पाडण्यात आली. तरी चर्चगेट, बाजारगेट ही दरवाजांची नावे मागे उरली. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. या मंडळाने दाट वस्तीतील जमिनी संपादित करून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड असे नवे रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याची आखीव उपनगरे वसवली. येथे रेषा बदलू शकली, कारण मालकी प्रथम बदलली. याची किंमत मात्र विस्थापित भाडेकरूंनी मोजली. १९१५च्या मुंबई नगररचना अधिनियमाने, जो भारतातील अशा स्वरूपाचा पहिला कायदा मानला जातो, मधला मार्ग दाखवला. अनेक मालकांच्या जमिनी एकत्र करून, रस्त्यांसाठी प्रत्येकाकडून काही हिस्सा घेऊन, उरलेले सुबक भूखंड त्याच मालकांना परत देण्याची ही पद्धत होती.

९. विकास योजना आणि जमिनीवरील वास्तव :

वसई-विरार उपप्रदेशासाठी १९९०मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. या क्षेत्राच्या विकास योजनेस २००७मध्ये मंजुरी मिळाली. नियुक्ती आणि मंजुरी यांमधील काळातच या परिसराची वाढ सर्वाधिक वेगाने होत होती. नकाशावरील प्रस्तावित रस्ता जमिनीवर येण्यापूर्वी त्याच्या रेषेत घरे उभी राहिली, तर तो रस्ता बराच काळ नकाशातच राहतो. वाहतूक मग जुन्या पाणंदीवरच येते.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. राज्यातील एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२०मध्ये लागू झाली. रस्त्याची रुंदी जितकी अधिक, तितके अनुज्ञेय बांधकाम अधिक, हे तिचे एक प्रमुख तत्त्व आहे. तत्त्व योग्य आहे. परंतु त्याचा अर्थ असाही होतो की दीडशे वर्षांपूर्वी मोजणीदाराने ओढलेली तुटक रेषा एकेरी होती की दुहेरी, यावर आजच्या भूखंडाचे मूल्य काही अंशी अवलंबून राहते. गाडीमार्गावरील मालकास रुंदीकरणाचा लाभ मिळण्याची शक्यता असते. पाऊलमार्गावरील गावठाणातील कुटुंबास मात्र रुंदीकरणात ओटी गमावण्याचीच भीती अधिक असते. रस्तारुंदीकरणास होणारा विरोध हा विकासाला विरोध असतोच असे नाही; लाभ-हानीच्या या विषम वाटणीलाही तो असतो.

१०. काही सूचना :

वरील विवेचनावरून पुढील सूचना करता येतात.

एक, विकास योजनेच्या पुनर्विलोकनापूर्वी प्रत्येक गावाचा मूळ नकाशा, विद्यमान स्थिती व प्रस्तावित रस्ते एकावर एक ठेवून पाहावेत. ज्या पाणंदी नाहीशा झाल्या, त्यांपैकी किती पुन्हा खुल्या करता येतील, याची यादी व्हावी. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ आणि जमीन महसूल संहितेचे कलम १४३ यांत वाटेवरील अडथळे व बांधावरून जाण्याचा हक्क यांविषयी तरतुदी आहेत. शेतजमिनीचे नागरी जमिनीत रूपांतर होण्यापूर्वीच त्यांचा उपयोग होऊ शकतो.

दोन, खाजणातील प्रत्येक जुना बांध हा जलमार्गाचा घटक मानावा. बांधावरील रस्ता उंचावताना जुन्या उघाडीच्या जागी पुरेशा क्षमतेची मोरी अनिवार्य असावी. जुना थर काढल्याविना नवा थर देऊ नये.

तीन, गावठाणातील सर्व गल्ल्या रुंद करण्याचा आग्रह सोडावा. गावठाणाभोवती वळणरस्ता देऊन बाहेरची वाहतूक बाहेरच ठेवावी आणि आतील गल्ल्या पादचारी व रहिवाशांसाठी राखाव्यात. अग्निशमनासाठी ठरावीक अंतरावर पाण्याची जोडणी दिल्यास अरुंद गल्लीतील धोका बराच कमी करता येतो.

चार, महाविद्यालयांनी या कामात सहभाग घ्यावा. भूगोल विभागाने गावनकाशे व उपग्रहचित्रे यांची तुलना करावी. इतिहास विभागाने महसुली दप्तर अभ्यासावे. मराठी विभागाने वाटा, बांध, नाके व शेतांची स्थानिक नावे संकलित करावीत. अर्थशास्त्र विभागाने रुंदीकरणातील लाभ-हानीचा हिशेब मांडावा. उघाडी कोठे होती, पाणी कोणत्या बाजूने उतरत असे, हे सांगणारी ज्येष्ठ मंडळी आज गावागावांत आहेत. ही माहिती कोणत्याही नकाशात नाही. ती नोंदवण्यास विलंब झाल्यास ती कायमची नष्ट होईल.

११. समारोप :

वसईच्या किल्ल्यातील आखीव रस्ते इतिहासजमा झाले आणि जूचंद्रसारख्या गावांच्या निनावी वाटांवर बारा लाखांहून अधिक लोकसंख्येचे शहर उभे राहिले. मालकी व वापर यांची अखंडता हेच मार्गरचनेच्या टिकाऊपणाचे खरे कारण आहे, हे यावरून स्पष्ट होते. जुनी वाट ही नियोजनातील चूक नसते. ज्या गरजेसाठी ती घडली, त्या गरजेचे ते अचूक उत्तर असते. गरज बदलली म्हणून ते उत्तर पुसून टाकणे लंडनलाही शक्य झाले नाही, आणि ते तसेच पुढे चालवणे वसई-विरारलाही परवडणारे नाही. कोणती वाट रुंद करावी, कोणती राखावी आणि कोणत्या वाटेखालून पाण्याला जाऊ द्यावे, हा विवेक जुन्या रेषांच्या अभ्यासातूनच येऊ शकतो. जूचंद्र परिसरात शेते व मिठागरे अद्याप काही प्रमाणात शिल्लक आहेत, तोवर हा विवेक वापरण्यास अवसर आहे.